सात हजार फोटो, लिंका, पीडीएफ : नकाशा कधी काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातले एक शिक्षक आणि त्यांचे भटके मित्र दहा वर्षं वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे) आणि गधेगळ (गाढवाचं शापचित्र कोरलेले दानाचे दगड) शोधत गावोगाव हिंडत आहेत. सात हजारांवर फोटो झाले आहेत. शिवाय यूट्यूबचे व्हिडिओ, फेसबुकवरच्या पोस्ट, जुन्या गॅझेटिअरांच्या (सरकारी जिल्हा-माहितीग्रंथांच्या) पीडीएफ, वर्तमानपत्रांची कात्रणं, ब्लॉगांच्या लिंका. सगळं पाच फोन, दोन हार्डडिस्क आणि एका ऑनलाइन ड्राइव्हमध्ये विखुरलेलं. हे सगळं नकाशावर, कालपटावर (वर्षांच्या ओळीने मांडलेल्या चित्रावर) आणि फोटोंच्या भिंतीवर एकत्र दिसेल असं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि काम झाल्यावर ते सगळ्यांसाठी खुलं करावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, सॉफ्टवेअरची नावं मी सांगतेच, चार-पाच सांगते. पण त्याआधी एक गोष्ट. ग्रंथालयं आणि लहान संग्रह यांचं डिजिटल काम करताना सोळा वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. नकाशा, कालपट, फोटोंची भिंत ही चित्रं लोकांना दाखवायला नंतर उपयोगी पडतात. त्यांचा पहिला उपयोग आपल्यालाच असतो. आपल्या नोंदींमधल्या चुका आणि रिकाम्या जागा जितक्या पटकन चित्रात दिसतात तितक्या तक्त्यात कधीच दिसत नाहीत. म्हणून सात हजार फोटोंची नोंद पुरी होईपर्यंत नकाशासाठी थांबू नका. पन्नास नोंदी झाल्या की नकाशा काढा, बघा, दुरुस्त करा, आणि पुढे दर महिन्याला पुन्हा काढा.

आता फोल्डरांबद्दल. तुम्ही तालुकावार फोल्डर केले, त्यात गाववार केले, आणि सगळ्या सतीशिळा एकत्र बघायची वेळ आली तेव्हा अडलात. फोल्डरचं असंच होतं. फोटो एकाच जागी बसतो, आणि ती जागा कशावरून ठरवायची हे आधीच ठरवून टाकावं लागतं. ग्रंथालयवाल्यांना ही अडचण फार जुनी. पुस्तक फळीवर एकाच ठिकाणी उभं राहतं, वाचक मात्र पाच वाटांनी त्याला शोधत येतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं लावायची पद्धत मांडली आणि पुढे त्याचा पाया म्हणून पाच पैलू पक्के केले : मुख्य वस्तू कोणती, ती कशाची, तिच्यात काय घडतं, कुठे, आणि केव्हा. तुमच्या कामाला हे पाचही पैलू जसेच्या तसे लागू पडतात. वस्तू म्हणजे वीरगळ, सतीशिळा की गधेगळ. कशाची, तर बेसाल्टची की दुसऱ्या दगडाची. काय घडतं, तर समोरासमोरची लढाई, गाईंचं रक्षण, वाघाशी झुंज. मग गाव आणि काळ. आज नकाशाशेजारी डाव्या बाजूला ‘प्रकार’, ‘काळ’, ‘जिल्हा’ अशा खुणा करायच्या चौकोनांची जी उभी पट्टी दिसते, तिच्यामागचा विचार हाच आहे. मेटाडेटा म्हणजे या पैलूंची उत्तरं, प्रत्येक दगडासाठी एकाच पद्धतीने लिहिलेली. तेवढी लिहिली की फोटो कुठल्या फोल्डरात पडला आहे याला फारसं महत्त्व राहत नाही.

तुमच्या सध्याच्या यादीत मला सगळ्यात मोठी दुरुस्ती सुचवायची आहे ती ओळीबद्दल. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात एका फोटोला एक ओळ आहे. त्यामुळे ज्या दगडाचे पंधरा फोटो काढले तो पंधरा वेळा येतो, नकाशावर पंधरा ठिपके एकावर एक बसतात, आणि मोजणी केली की त्या गावात पंधरा वीरगळ असल्यासारखं वाटतं. ओळ दगडाला द्या. एक दगड, एक ओळ, एक क्रमांक. दुसरा तक्ता साधनांचा करा : प्रत्येक फोटो, व्हिडिओ, पोस्ट, पीडीएफचं पान ही त्यातली एकेक ओळ, आणि तिच्यात एक रकाना ‘कोणत्या दगडाबद्दल’ असा, जिथे पहिल्या तक्त्यातला क्रमांक येईल. गॅझेटिअरच्या एका पानावर चार दगडांचं वर्णन असेल तर चार क्रमांक, मध्ये अर्धविराम देऊन. तुमच्याकडे फोटो, व्हिडिओ, मजकूर, लिंक असं नाना तऱ्हेचं सामान आहे आणि ते एकत्र कसं आणायचं हा तुमचा मूळ प्रश्न होता. ते एकमेकांना जोडायच्या फंदात पडू नका. सगळं त्या दगडाला जोडा.

क्रमांकात गावाचं किंवा तालुक्याचं नाव घालू नका, असं मी कळकळीने सांगते. दगड हलतात. शेतातून देवळाच्या आवारात येतात, तिथून ग्रामपंचायतीसमोर. गावं एका तालुक्यातून दुसऱ्यात जातात, जिल्ह्यांची नावं बदलतात. क्रमांकाला काही अर्थच नसला की तो कधी खोटा ठरत नाही.

नमुन्यादाखल एक ओळ उभी करून दाखवते. दगड सगळ्यांच्या माहितीतला घेते, मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरचा :

क्रमांक : ००४७
प्रकार : वीरगळ
दृश्यं : नौकायुद्ध; शिवलिंगपूजा
गाव : एकसर
तालुका, जिल्हा : बोरिवली, मुंबई उपनगर
काळ, पासून : १००१
काळ, पर्यंत : १३००
काळ कशावरून : अभ्यासकांत मतभेद, टिपण पाहा
स्थानिक नाव : (विचारायचं आहे)
नोंद कोणी, केव्हा पाहून केली : …

‘काळ कशावरून’ हा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. एकसरचे वीरगळ काही अभ्यासक अकराव्या शतकापर्यंत मागे नेतात, काही ते तेराव्या शतकातल्या यादव-शिलाहार आरमारी लढाईशी जोडतात. तक्त्याने यात निवाडा करायचा नाही. दोन्ही टोकं लिहायची आणि कोण काय म्हणतं ते टिपणात ठेवायचं. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधलं वर्णन साधनांच्या तक्त्यात जाईल, आजचे फोटोही तिथेच.

रकान्यांना नावं देताना जगात चालत असलेल्या नावांशी मेळ ठेवा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचं गाव आहे. तिथे १९९५ साली झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ नावाची पद्धत निघाली आणि पुढे तिचे पंधरा रकाने ठरले : शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, प्रकार, स्थळ-काळाची व्याप्ती, हक्क वगैरे. तुमचे रकाने मराठीतच असू द्या. फक्त एका वेगळ्या पानावर ‘आमचा हा रकाना म्हणजे त्यांचा तो’ एवढं लिहून ठेवा. पुढे हा संग्रह एखाद्या विद्यापीठाकडे किंवा संग्रहालयाकडे सोपवायचा झाला तर ते एक पान फार कामाला येतं.

तारखांवर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. शिलालेखात शक असेल तर तो जसाच्या तसा एका रकान्यात ठेवा : शके, संवत्सर, मास, तिथी, जे वाचता आलं तेवढंच. इसवी सन वेगळ्या रकान्यात. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन यांतली तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचा शक ९३४ असा वाचला जातो, म्हणून आपण त्याला १०१२चा म्हणतो. पण ‘वाचला जातो’ हे शब्द नोंदीत राहायला हवेत, कारण वाचन बदलू शकतं आणि बदललं तर नुसत्या १०१२ वरून मूळ आकडा काय होता ते कळणार नाही. सतराव्या शतकातल्या इंग्रजी किंवा पोर्तुगीज कागदांवरून तारीख घेत असाल तर तिचं पंचांग कोणतं तेही लिहा. शिवराज्याभिषेक जुन्या ज्युलियन गणनेने ६ जून १६७४ला, आजच्या ग्रेगरियन गणनेने १६ जूनला येतो. दहा दिवसांच्या फरकाने कालपटावर दोन वेगळ्या घटना उभ्या राहतात.

आणखी एक. एक्सेलला १९००च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही, तो ती साधा मजकूर म्हणून ठेवतो आणि क्रम लावताना सगळं उलटसुलट करतो. म्हणून नुसतं वर्ष, साध्या आकड्यात, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन रकान्यांत. हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. मी इथे देवनागरी अंक लिहिते आहे, पण नकाशा आणि कालपट काढणाऱ्या बऱ्याच साधनांना देवनागरी अंक आकडे म्हणून कळत नाहीत.

‘पासून-पर्यंत’चा आग्रह कशासाठी, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या संग्रहासाठी आम्ही कालपट काढला. ज्या दगडांवर लेख नाही त्यांच्यापुढे विद्यार्थ्यांनी ‘यादवकाळ’ लिहिलं होतं. मी त्याचं ११८७ ते १३१७ केलं, आणि साधनाला एकच वर्ष लागत होतं म्हणून मधलं वर्ष काढून दिलं. पडद्यावर १२५२ या वर्षी भलामोठा मनोरा उभा राहिला. एका मुलीने उत्साहाने विचारलं, “मॅडम, १२५२ला एवढं मोठं युद्ध कोणतं झालं?” कोणतंच झालं नव्हतं. तो मनोरा आमच्या अज्ञानाचा होता आणि मीच त्याला इतिहासाचं रूप दिलं होतं. तेव्हापासून नक्की वर्ष माहीत असलेले दगड आणि अंदाजी काळाचे दगड यांना मी दोन वेगळे रंग देते, आणि अंदाजी काळ ठिपक्याऐवजी आडव्या पट्टीने दाखवते. तुम्हीही तसंच करा.

फोटोंकडे वळू. कॅमेरा किंवा फोन फोटो काढताना त्याच्या पोटात तारीख, वेळ आणि जीपीएस चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहितो. याला एक्झिफ म्हणतात. एक्झिफटूल नावाचं मोफत साधन सात हजार फोटोंमधली ही माहिती एका आज्ञेत तक्त्यात काढून देतं, हाताने काही भरावं लागत नाही. पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ही माहिती राहत नाही, आणि फाइलच्या नावातली तारीख फोटो तुमच्या फोनवर आल्याची असते, काढल्याची नव्हे. तुमच्या गटात फोटो व्हॉट्सॲपवरच फिरतात असं दिसतं. आजपासून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची सवय लावा, आणि जुन्या फोटोंसाठी ज्याने काढला त्याच्या फोनमधली किंवा कार्डावरची मूळ प्रत मिळते का ते बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण जे मित्र आज भेटतात त्यांच्याकडून ते आजच करून घ्या. फोन बदलले जातात, कार्डं हरवतात.

मग देवनागरीचा प्रश्न. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत तो कुठेच येत नाही आणि आपल्याला पदोपदी अडवतो. एक म्हणजे शुद्धलेखन : वीरगळ, विरगळ, वीरगळे, हिरोस्टोन. माणसाला हे एकच वाटतं, यंत्राला चार प्रकार दिसतात. दुसरं जास्त फसवं आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो : एका कळफलकावर नुक्त्याच्या ‘ऱ’ने, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ‘ॲ’चंही तसंच, कुणी एकसंध अक्षर टाइप करतं, कुणी ‘अ’वर चंद्र देतं. शोधायला गेलात की निम्म्याच नोंदी सापडतात आणि बाकीच्या कुठे गेल्या ते कळत नाही. एका संग्रहात मी दोन दिवस हा दोष शोधत होते.

यावर औषध ओपनरिफाइन, तक्ते साफ करायचं साधन. मोफत आहे, तुमच्याच संगणकावर चालतं, ऑनलाइन काही जात नाही. एखाद्या रकान्यावर ‘फॅसेट’ लावला की त्यातली सगळी वेगळी मूल्यं आणि प्रत्येकाची संख्या शेजारी उभी राहते. पाच मिनिटांत दिसतं की ‘वीरगळ’ ६१२ वेळा आहे, ‘विरगळ’ ८८ वेळा, आणि ‘वीरगळ ’ असा मागे मोकळी जागा असलेलाही एक गट आहे. एकदा दुरुस्त केलं की सगळ्या ओळींत होतं. त्यात सारखी मूल्यं आपोआप जवळ आणणारी सोयही आहे. तिच्यातल्या उच्चारावर चालणाऱ्या पद्धती इंग्रजी आणि इतर युरोपीय भाषांसाठी केलेल्या आहेत, त्या आपल्या कामाच्या नाहीत. अक्षरांचा फरक मोजणारी पद्धत वापरा, देवनागरीत ती चांगली चालते. मला निवडायला सांगितलं तर सगळ्या साधनांत मी हे एक आधी शिकायला सांगेन. दिसायला ते साधंच आहे, रंगीत नकाशे वगैरे काही नाही. पण आकड्यांसह उभी राहिलेली ती यादी हेच तुमच्या संग्रहाचं पहिलं खरं चित्र असतं.

मूल्यांची यादी ठरवून ठेवा. प्रकारासाठी तीन-चार शब्द, दृश्यांसाठी पंधरा-वीस, प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या : सतीशिळा कशाला म्हणायचं (काटकोनात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात), लढाईच्या दृश्यात घोडेस्वार असेल तर तो वेगळा शब्द की तोच. गावांसाठी नावासोबत एक स्थिर क्रमांक घ्या. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात प्रत्येक नोंदलेल्या गोष्टीला असा क्रमांक असतो, पुण्याचा क्यू१५३८. खेड्यांपैकीही बरीच तिथे सापडतील. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या पीडीएफमध्ये जुनीच नावं राहणार. क्रमांक असला की दोन्ही एकाच ठिकाणी जुळतात.

आता साधनं. लिंका, पीडीएफ, पोस्ट, व्हिडिओ यांच्यासाठी झोटेरो. ब्राउझरमध्ये एक बटण दाबलं की पानाचं शीर्षक, लेखक, तारीख, पत्ता हे सगळं आपोआप उचलतं आणि पानाची प्रतही ठेवतं. प्रत महत्त्वाची आहे, कारण तुमच्या यादीतल्या ब्लॉगांपैकी काही पुढच्या पाच वर्षांत राहणार नाहीत. सार्वजनिक पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करून ठेवा. फेसबुकची पोस्ट तिथे सहसा नीट जतन होत नाही. तिचा स्क्रीनशॉट, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख तुम्हीच ठेवायला हवी.

फोटोंसाठी दोन पर्याय. डिजिकॅममध्ये खुणा, नकाशा, कालपट, सारखे फोटो शोधणं हे सगळं एका जागी मिळतं, आणि खुणा फोटोच्या फाइलीतच लिहिता येतात. दुसरा ट्रॉपी, जो संशोधकांसाठीच केला आहे. एका वस्तूचे अनेक फोटो एका नोंदीखाली बांधायची त्याची पद्धत मी वर सांगितलेल्या ‘एक दगड, एक ओळ’शी तंतोतंत जुळते. तुमच्यासाठी मी ट्रॉपी म्हणेन. झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात सुरू झालं, २००८ला तिथूनच संग्रह वेबसाइटवर मांडायचं ओमेका आलं, नंतर ट्रॉपी. ही इतिहासकारांनी इतिहासकारांसाठी केलेली साधनं आहेत, आणि वापरताना ते जाणवतं.

चित्रं काढायला स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं पॅलॅडिओ. ब्राउझरमध्ये उघडायचं, तक्ता चिकटवायचा, आणि नकाशा, जाळं, फोटोंची भिंत, खाली कालपट्टी हे सगळं एकाच तक्त्यातून उभं राहतं. कालपट्टीवर तेरावं शतक ओढून निवडलं की नकाशावर तेवढेच ठिपके राहतात. अक्षांश आणि रेखांश एकाच रकान्यात, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहावे लागतात, एवढं लक्षात ठेवा. तक्ता त्यांच्या सर्व्हरवर साठवला जात नाही, म्हणून काम संपताना प्रकल्पाची फाइल उतरवून घ्या. लोकांना गोष्ट सांगायची असेल तर टाइमलाइन जेएस आहे, पण ते वीस-तीस नोंदींसाठी. सातशे दगड त्यात घालू नका.

जाळ्याच्या चित्रांचा मोह टाळा. गाव, दगड, देव, दृश्य सगळं रेघांनी जोडलेलं चित्र पहिल्या दिवशी फार देखणं दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून काय कळलं ते कुणाला सांगता येत नाही. एकच नेमका प्रश्न असेल तर जाळं काढा. उदाहरणार्थ, गाईंच्या रक्षणाचं दृश्य कोणकोणत्या गावांत आहे. दोनच प्रकारचे ठिपके ठेवा, बाकी सगळं काढून टाका. येल विद्यापीठातलं पिक्सप्लॉट फोटोंच्या दिसण्यावरून सारखे फोटो जवळ आणून मांडतं. ते मी वीरगळांवर वापरून पाहिलं तेव्हा ऊन पडलेले एकीकडे आणि शेंदूर लावलेले दुसरीकडे झाले. कोरीवकामाच्या शैलीबद्दल त्यातून काही हाती लागलं नाही. पण एकाच दगडाचे दोन वेगळ्या माणसांनी काढलेले फोटो त्याने शेजारी आणून ठेवले, आणि त्यामुळे आमचे अकरा दुहेरी क्रमांक सापडले.

पन्नास नोंदींच्या पहिल्या नकाशात काय बघायचं? समुद्रात पडलेले ठिपके आधी. अक्षांश-रेखांश उलटे झाले की साताऱ्याचा दगड नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या पाण्यात जातो. रकाना रिकामा असून शून्य धरला गेला की तो आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसतो. मग एकावर एक बसलेले ठिपके : बहुधा कुणीतरी दगडाच्या जागेऐवजी गावाचा मधला बिंदू सगळ्यांना दिला आहे. कालपटावर एकाच दिवशी दोनशे फोटो दिसले तर तो व्हॉट्सॲपचा दिवस. २००० सालच्या १ जानेवारीला काही फोटो दिसले तर कुणाच्या तरी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं नव्हतं.

यानंतर नकाशा थोडा वेळ शांतपणे बघत बसा, कारण खरी गोष्ट मग दिसते. ठिपके महामार्गाच्या कडेने असतील, किल्ल्यांच्या पायथ्यांशी असतील, आणि तुमच्यापैकी ज्यांची गावं जिथे आहेत तिथे दाट असतील. तो वीरगळांचा नकाशा नाही, तुमच्या पावलांचा आहे. माण-खटावात वीरगळ जास्त आहेत की तुम्ही तिथे जास्त हिंडलात, हे त्या नकाशावरून सांगता येणार नाही. सांगता यावं म्हणून तिसरा एक लहान तक्ता आजपासून सुरू करा : गाव, गेलो ती तारीख, कुठे कुठे बघितलं, आणि ‘काही मिळालं नाही’. रिकाम्या हाताने परत आलेल्या फेऱ्या कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून आपल्याकडच्या वारशाच्या नकाशांत रिकाम्या जागेचा अर्थ ‘नाही’ की ‘बघितलं नाही’ हे कधीच कळत नाही. तुमच्या गटाने हे केलं तर तो नकाशा पुढच्या अभ्यासकाला वापरता येईल. मला तुमच्या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटेल.

साधनांवर जीव लावू नका, तक्त्यावर लावा. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेतून पिव्हट नावाचं साधन आलं होतं. हजारो चित्रं एका पडद्यावर, कुठलाही पैलू निवडला की ती भराभर सरकून रांगांत उभी राहायची. तुम्ही जी फोटोंची भिंत म्हणता आहात ती हुबेहूब तीच. आज ते नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्याच ज्या सिल्व्हरलाइट या ब्राउझरच्या जोडणीवर ते पुढे चालत होतं त्याचा आधारही ऑक्टोबर २०२१मध्ये संपला. तक्त्यावरून नकाशे काढून देणाऱ्या गूगलच्या फ्यूजन टेबल्स डिसेंबर २०१९मध्ये बंद झाल्या. ज्यांचा तक्ता त्यांच्याकडे साध्या सीएसव्ही फाइलीत (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या मजकुरात) होता त्यांनी तो दुसरीकडे नेला. दर महिन्याला तिन्ही तक्त्यांची सीएसव्ही प्रत काढा, जतन करताना यूटीएफ-८ निवडा म्हणजे मराठी अक्षरं बिघडत नाहीत, आणि ती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

खुलं करावं का? करावं, पण सगळं नको. ओमेकावर संग्रह लोकांसमोर मांडता येतो. तुमचे स्वतःचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात, आणि तिथे ‘या चित्रात काय आहे’ हे रकान्यांत लिहिता येतं. दुसऱ्याच्या पोस्टमधला फोटो मात्र त्याच्या परवानगीशिवाय चढवू नका, लिंक द्या आणि नाव द्या. साधनांच्या तक्त्यात ‘हक्क’ हा रकाना आजच घाला. तीन वर्षांनी कुणाचा फोटो कोणता हे आठवत नाही.

जागेबद्दल फार सावध राहा. बांधावर उघडा पडलेला वीरगळ उचलून नेणं अवघड नसतं, आणि वीरगळाखाली धन असतं अशा समजुतीने खोदणारेही आहेत. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर चार अंक दिले तर माणूस दहा-बारा मीटरपर्यंत पोचतो. दोनच दिले तर साधारण किलोमीटरभराचा अंदाज येतो, अभ्यासकाला तेवढा पुरतो. तुमच्या तक्त्यात चार अंक ठेवा, जगासमोर दोन. जो दगड देवळाच्या आवारात आहे, ज्याची रोज पूजा होते, तो पूर्ण पत्त्यासह दाखवायला हरकत नाही, पण तेही गावातल्या लोकांना विचारून. विचाराल तेव्हाच ‘स्थानिक नाव’ हा रकाना भरून घ्या. कुठे त्याच दगडाला म्हसोबा म्हणतात, कुठे आणखी काही, आणि ते नाव कुठल्याच गॅझेटिअरमध्ये मिळणार नाही.

पहिले पन्नास दगड झाले की तक्ता मला पाठवा. नकाशा सोबत नसला तरी चालेल, तो मी काढून बघेन.